यूएडब्ल्यूच्या 'लोकल'मध्ये नेमके काय ठरते?

प्रश्न : मिशिगनवासी

नमस्कार. मी मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. आमच्याकडे संघटना नाही, पण आमचे काम फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांवर अवलंबून असल्यामुळे युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यू, या संघटनेच्या घडामोडी मी नेमाने वाचतो. २०२३ च्या संपानंतर साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ मिळाली आणि महागाई भत्ता पुन्हा लागू झाला, हे मला ठाऊक आहे. मात्र त्यानंतर वेगवेगळ्या लोकलकडून, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखांकडून, ज्या बातम्या येतात त्या बहुतेक तक्रारींच्या, कामकपातीच्या आणि एखाद्या कारखान्यात कोणते मॉडेल येणार याविषयीच्या असतात. करार जर डेट्रॉइटमध्ये मुख्यालयाने केलेला असेल, तर लोकलच्या हातात उरते काय? आणि एवढा मोठा विजय मिळाल्यावरही कामगारांच्या मनात ही अस्वस्थता का आहे?

प्रतिसाद १ : करारवाचक

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वृत्तपत्रांत राष्ट्रीय कराराचे आकडे येतात आणि कामगाराचा रोजचा दिवस मात्र स्थानिक करारावर चालतो. पगार, महागाई भत्ता, आरोग्य विमा आणि नव्या गुंतवणुकीची आश्वासने राष्ट्रीय करारात असतात. पाळ्या, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्याचे नियम, सेवाज्येष्ठतेप्रमाणे कामाची निवड आणि कारखान्यातील खास अडचणी हे सारे स्थानिक करारात येते. लोकलला स्वतःचा क्रमांक, निवडून आलेला अध्यक्ष आणि वाटाघाटी समिती असते. लाइनवर कोणावर अन्याय झाला, तर पहिली तक्रार 'कमिटीमन', म्हणजे कारखान्यातील संघटनेचा प्रतिनिधी, नोंदवतो. तिचा निकाल खालच्या पायरीवर लागला नाही, तर ती वर जात जात लवादापर्यंत पोहोचू शकते.

२०२३ च्या संपाची रचनाही लोकलवरच उभी होती. १५ सप्टेंबर रोजी सगळे कामगार एकदम बाहेर पडले नाहीत. मिशिगनमधील वेन येथील फोर्डचा कारखाना, मिसुरीतील वेंट्झव्हिल येथील जनरल मोटर्सचा कारखाना आणि ओहायोतील टोलेडो येथील स्टेलांटिसचा जीप कारखाना एवढ्या तीनच ठिकाणांना हाक देण्यात आली आणि सुमारे १३,००० कामगार संपावर गेले. बाकीचे सभासद करार संपलेला असतानाही कामावर होते आणि पुढची हाक आपल्याला येईल का, याची वाट पाहत होते. त्यामुळे कंपन्यांना पुढचा घाव कुठे बसेल हे कळेना, आणि आठवड्याला ५०० डॉलर संपभत्ता देणारा निधीही अधिक काळ पुरला. ११ ऑक्टोबरला फोर्डचा अत्यंत फायदेशीर केंटकी ट्रक कारखाना अचानक बंद पाडण्यात आला, आणि महिना संपण्याच्या आत तिन्ही कंपन्यांशी तात्पुरते करार झाले.

प्रतिसाद २ : जुना_फिटर

करारवाचक यांनी रचना सांगितली, मी अस्वस्थतेचे कारण सांगतो. माझ्या मते तिचे मूळ २००७ च्या करारात आहे. त्या वर्षी नव्याने भरती होणाऱ्यांसाठी वेतनाची वेगळी, खालची पायरी मान्य करण्यात आली आणि निवृत्तांच्या आरोग्य खर्चाची जबाबदारी कंपन्यांकडून एका स्वतंत्र निधीकडे गेली. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर (आज स्टेलांटिसचा भाग) दिवाळखोरीत गेल्या तेव्हा महागाई भत्ताही स्थगित झाला. तेव्हापासून एकाच लाइनवर, एकाच गाडीला, शेजारी शेजारी उभे राहून बोल्ट आवळणाऱ्या दोन माणसांच्या पगारात मोठे अंतर पडू लागले. ज्याने ही स्थिती स्वतः पाहिली आहे त्याला तिची बोच समजावून सांगावी लागत नाही. संघटना म्हणजे समान कामाला समान दाम, आणि त्या तत्त्वालाच संघटनेच्या सहीने तडा गेला होता.

२०२३ मध्ये सर्वोच्च वेतनापर्यंत पोहोचण्याचा काळ ८ वर्षांवरून ३ वर्षांवर आला आणि ते वेतन कराराच्या अखेरीस ताशी ४० डॉलरच्या वर जाईल असे ठरले. हे मोठे यश आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु २००७ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन परत मिळाले नाही, तसेच त्यांना निवृत्तीनंतरचा आरोग्य विमाही मिळाला नाही. त्यांच्या निवृत्ती खात्यात कंपनीचा वाटा १० टक्के झाला, एवढेच. म्हणूनच जनरल मोटर्समध्ये हा करार जेमतेम ५५ टक्के मतांनी संमत झाला. १९३६-३७ मध्ये जिथल्या कामगारांनी ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून या कंपनीकडून संघटनेला मान्यता मिळवली, त्या फ्लिंटमधील असेंब्ली कारखान्यानेही करार नाकारला. मला त्या मतदानात कृतघ्नता दिसत नाही. मागे जे दिले गेले त्याची आठवण तिथे जिवंत आहे, असे मी मानतो.

आणखी एक गोष्ट. माजी अध्यक्षांपैकी दोघे भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत तुरुंगात गेले. त्यानंतर २०२१ मध्ये सभासदांनी सार्वमताने अध्यक्षाची थेट निवडणूक स्वीकारली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये शॉन फेन ५०० पेक्षाही कमी मतांच्या फरकाने निवडून आले. प्रत्येक लोकलमधील मत मोजले जाऊ लागले, म्हणूनच संपाची भाषा बदलली.

मिशिगनवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन पायऱ्यांच्या वेतनाचा मुद्दा मी आजवर केवळ आकड्यांत पाहत होतो. आता एकच विचारतो : कारखान्यात कोणते मॉडेल येणार, याच्या बातम्यांना इतके महत्त्व का? आणि विजेवरच्या गाड्यांमुळे हे सगळे बदलणार आहे का?

प्रतिसाद ३ : करारवाचक

माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेचा गाभा इथेच आहे. पगार कितीही वाढला, तरी कारखान्याला गाडी मिळाली नाही तर तो पगार मिळण्याची जागाच उरत नाही. इलिनॉयमधील बेल्व्हिडियरचे उदाहरण घ्या. तिथला जीप चेरोकीचा कारखाना स्टेलांटिसने फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस थांबवला. संपानंतरच्या करारात तो पुन्हा सुरू करण्याचे वचन मिळाले, पण २०२४ मध्ये कंपनीने वेळापत्रक पुढे ढकलले. तेव्हा अनेक लोकलनी तक्रारी दाखल केल्या आणि संपाचा इशारा दिला, तर कंपनी संघटनेविरुद्ध न्यायालयात गेली. हा इशारा देता आला, कारण गुंतवणुकीची वचने मोडल्यास संप करण्याचा अधिकार २०२३ मध्ये स्टेलांटिसकडून मिळवलेला होता. २५ टक्क्यांच्या मथळ्यात हे कलम झाकले गेले. मला स्वतःला तेच कराराचे सर्वात मोलाचे कलम वाटते. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने २०२७ साली कारखाना उघडण्याचे पुन्हा मान्य केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या १३ अब्ज डॉलरच्या अमेरिकी गुंतवणुकीत बेल्व्हिडियरला जीपची दोन मॉडेल देण्यात आली.

विजेवरच्या गाड्यांबाबत ओहायोतील लॉर्डस्टाउन पाहावे. १९६६ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा तिथला कारखाना मार्च २०१९ मध्ये थांबला. शेजारीच जनरल मोटर्स आणि एलजी यांच्या भागीदारीतला अल्टियम हा बॅटरी कारखाना उभा राहिला. भागीदारीतली कंपनी वेगळी असल्याने राष्ट्रीय करार तिथे लागू नव्हता आणि वेतन फारच कमी होते. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी ७१० विरुद्ध १६ मतांनी संघटना निवडली, आणि पुढच्या वर्षीच्या संपात जनरल मोटर्सने बॅटरीचे काम राष्ट्रीय कराराखाली आणण्यास मान्यता दिली. हे झाले नसते, तर इंजिन आणि गिअरबॉक्सची चांगल्या पगाराची कामे संपून त्यांच्या जागी स्वस्त मजुरीची कामे आली असती. अर्थात संघटना मागणी निर्माण करू शकत नाही. नव्या विद्युत वाहनांवरची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, आणि पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने विद्युत वाहनांच्या व बॅटरीच्या कारखान्यांत कामकपात जाहीर केली.

प्रतिसाद ४ : जुना_फिटर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा उल्लेख राहून गेला, तो करतो. टेनेसीतील चॅटनूगा येथे फोक्सवॅगनच्या कामगारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये संघटना नाकारली होती, पण एप्रिल २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी ती स्वीकारली. पुढच्याच महिन्यात अलाबामातील मर्सिडीजच्या कामगारांनी मात्र २,६४२ विरुद्ध २,०४५ मतांनी नकार दिला. दोन्ही राज्यांत वर्गणी न देता कराराचे फायदे घेण्याची कायद्याने मुभा आहे आणि दोन्हीकडच्या राज्यपालांनी उघडपणे विरोध केला होता, तरीही निकाल वेगळे लागले. याचे कारण मी कारखान्यातच शोधतो. चॅटनूगात दोन पराभव पचवलेले, एकमेकांना ओळखणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे लाइनवर बोलत राहिले होते. अलाबामात तेवढा वेळ मिळालेला नव्हता.

आपण पुरवठादार कंपनीत आहात, म्हणून एक सुचवतो. तिन्ही कंपन्यांचे करार ३० एप्रिल २०२८ रोजी एकाच दिवशी संपतात. ती तारीख मुद्दाम निवडलेली आहे, म्हणजे पुढचा लढा १ मे रोजी, कामगार दिनी सुरू करता येईल आणि इतर संघटनांनीही आपले करार त्याच दिवशी संपतील असे पाहावे, असे आवाहन यूएडब्ल्यूने केले आहे. तोवर आपण ज्या कारखान्यांना माल देता त्या लोकलची पत्रके वाचत राहा. पाळी कमी होणार की वाढणार, हे तिथे बहुधा सर्वांत आधी कळते.