मतं ४-४ पडली, अध्यक्ष म्हणतात ठराव पास. असं चालतं का?

नवा_सचिव
कार्यकारिणीत आम्ही ९ जण, परवा सभेला ८ होतो. चालू करार रद्द करायचा ठराव आला, हात वर करून मतदान झालं, अध्यक्षांनीही बाजूने हात वर केला आणि मतं पडली ४-४. मग ते म्हणाले टाय झालाय तर आता माझं निर्णायक मत, आणि ५-४ ने ठराव मंजूर म्हणून जाहीर करून पुढच्या विषयावर गेले पण. माणसं आठ आणि मतं नऊ! कोणीच काही बोललं नाही, मीही नाही. आता इतिवृत्तात काय लिहू?

पोटनियम_वाला
आधी तुमचे पोटनियम काढून बघा. अध्यक्षाला निर्णायक मत, म्हणजे कास्टिंग व्होट दिलंय असं स्पष्ट लिहिलं असेल तर विषय संपला, दुसरं मत चालतं. नसेल आणि तुम्ही रॉबर्ट्स रूल्स (सभा कशी चालवायची याचं अमेरिकन नियमपुस्तक) मानत असाल तर त्यात एका माणसाला एकच मत, अध्यक्ष झाला म्हणून काय झालं. छोट्या कमिटीत अध्यक्ष सगळ्यांबरोबर मत देतो, ते त्यांनी दिलंच होतं, कोटा संपला. मोठ्या सभेत तो आधी गप्प बसतो आणि त्याच्या मताने निकाल बदलणार असेल तरच देतो, तेही द्यायलाच हवं असं नाही.

आणि मुळात टाय म्हणजे कोंडी नव्हेच. ठराव पास व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, ४-४ मध्ये ती नाहीत, म्हणजे ठराव पडला. फोडायचं काय त्यात?

काठावरचा
हे पटत नाही. निम्म्या लोकांना करार नको होता तरी तो चालूच राहणार, म्हणजे विरोधकच जिंकले ना?

पोटनियम_वाला
@काठावरचा हो, टायमध्ये आहे तेच राहतं. म्हणून तर ठरावाची भाषा नीट बघायची. मुदत संपत आलेला करार 'पुढे वाढवावा' असा ठराव असता तर त्याच ४-४ ने तो पडला असता आणि करार आपोआप संपला असता. सूचक मंडळी इथे जाम गाफील असतात. आणखी एक उदाहरण म्हणजे अध्यक्षांच्या रूलिंगवर, म्हणजे नियमाबाबत त्यांनी दिलेल्या निर्णयावर अपील, तिथे टाय झाला तर रूलिंग कायम राहतं, कारण ते उलटवायलाच बहुमत लागतं. निवडणुकीत मात्र 'पडला' म्हणून चालत नाही, माणूस निवडायचाच असतो, तिथे पुन्हा मतदान घ्यायचं.

मागच्या_बाकावरून
ज्यांच्याकडे कास्टिंग व्होट असतं ते पण मनाला येईल तसं टाकत नाहीत. ब्रिटनच्या कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, स्पीकर डेनिसन यांच्या १८६७ च्या निर्णयापासून पायंडा असा की पुढे चर्चा होऊ शकत असेल तर तिच्या बाजूने मत द्यायचं, नाहीतर आहे ते टिकवायचं. तुमचे अध्यक्ष नेमकं उलटं वागले 😄

@नवा_सचिव, हरकत साधारणपणे तिथल्या तिथे घ्यायची असते हो, उशीर झाला. इतिवृत्तात जे घडलं तेच लिहा, बाजूने ४ विरोधात ४, नंतर अध्यक्षांनी आणखी एक मत देऊन मंजूर जाहीर केलं. स्वतःहून 'नामंजूर' लिहू नका, तो अधिकार सचिवाचा नाही.

नवा_सचिव
पोटनियम तीनदा वाचले, निर्णायक मताचा उल्लेखच नाही. अध्यक्षांना फोन केला तर म्हणाले "सगळीकडे असंच असतं". पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवायचंय, ८ हजर आणि ९ मतं हे मोठ्याने वाचतो, बघू कोण दचकतं.