प्रश्नावली : मित्रांमुळे किती पितात, हे मोजायचं कसं?

तळटीप : महाविद्यालयातल्या मुलांच्या दारू पिण्यावर मित्रमंडळींचा किती परिणाम होतो, यावर निनावी प्रश्नावली करते आहे. 'मित्र आग्रह करतात का?' आणि 'आठवड्यात किती पेग घेता?' एवढ्यावर भागेल का?

आडवाट : नाही भागणार. आग्रह डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे तोच मोजतात, पण सोबत बसलेल्याचा वेगही पाजतो. कॉडिल आणि मार्लट यांच्या १९७५च्या प्रयोगात वाइन चाखायला बसवलेल्या मुलांबरोबर एक पढवून ठेवलेला सोबती असे. तो भरपूर प्यायला की तीही जास्त पीत, कुणी घे म्हणत नसताना. तिसरी गोष्ट म्हणजे 'सगळ्यांना चालतं' हा समज. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेंटिस आणि मिलर (१९९३) यांना आढळलं, की तिथलं पिणं मुलांना स्वतःला जेवढं खटकत होतं, तेवढं ते इतरांना खटकत नसावं असं त्यांना वाटत होतं. म्हणून प्रत्येक प्रश्न दोनदा घ्या : तुम्ही किती, आणि तुमच्याच वर्षातला सर्वसाधारण विद्यार्थी किती? पिणं कितपत पसंत आहे, तेही तसंच दोन्हींबद्दल विचारा. दोन्हीकडे कालावधी एकच, गेले ३० दिवस.

खडूस_काका : आधी तो 'पेग' काढा. कुणाचा ३० मिलीचा, कुणाचा ६०चा. ४० टक्क्यांची ३० मिली म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर म्हणजे १३. प्रकार आणि मिली विचारा, ग्रॅम तुम्ही काढा. न पिणाऱ्यांना वगळू नका, नाहीतर खरा आकडा फुगतो आणि समजातली चूक लहान दिसते. सरासरीसोबत मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्याच. चारदोन अट्टल मंडळी सरासरी वर ओढतात.

तळटीप : समज आणि पिणं यांचा संबंध दिसला, तर 'मित्रांमुळे पितात' असं लिहू का?

आडवाट : एकदाच विचारून नाही. पिणारे पिणाऱ्यांशीच मैत्री करतात, तेव्हाही आकडे असेच दिसतात. प्रवेशानंतर लगेच, गट जमण्याआधी एकदा विचारा आणि सत्राअखेर पुन्हा. निनावी कागद जुळवायला प्रत्येकाने स्वतःची खूण बनवावी : आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन अंक. आणि वर्गात खेटून बसवून भरून घेऊ नका. शेजाऱ्याचा कागद दिसला की जे मोजायचंय तेच तिथे सुरू होतं!

खडूस_काका : दोन्ही वेळचे ३० दिवस एकसारखे निवडा. एकात सुट्टी आणि दुसऱ्यात परीक्षा आली, तर तो फरक तुम्ही मित्रांच्या नावावर घालाल.