बागेतल्या छोट्या विजेच्या ट्रॅक्टरसाठी कोणत्या बॅटऱ्या घ्याव्यात?

प्रश्न (वरूड तालुका, संत्रा बागायतदार):
जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन काढून मी ४८ व्होल्टची, ३ किलोवॉटची मोटार बसवली आहे. बागेत फवारणीची टाकी आणि शेणखताची लहान ट्रॉली ओढणे, एवढेच रोजचे दीड तासाचे काम आहे. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या चालतील, की लिथियमचा खर्च करावा? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, याची मला अधिक काळजी वाटते.

उत्तर (हिंगणघाट, मोटार रिवाइंडिंगचे काम):
भाऊ, आधी करंटचा हिशेब करावा. सरासरी २ किलोवॉट भार धरला तरी सुमारे ४२ अँपिअर लागतात, आणि ओल्या काळ्या मातीत भरलेली ट्रॉली उचलताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलेले १५० हे सहसा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने, रिकामी करतानाचे असते. ४२ अँपिअरने ती तेवढी देत नाही. दीड तासात ती निम्म्याहून अधिक उतरेल, आणि लेड-ॲसिड रोज इतकी उतरवली तर लवकर बसते. लेडच घ्यायची असेल तर ई-रिक्षाची घ्यावी. चार बॅटऱ्यांचे दोनशे किलोंच्या आसपास वजन ओल्या वावरात माती दाबते, तेही लक्षात असू द्यावे.

उत्तर (आर्वी, शेतकरी):
माझे मत लिथियम फेरो फॉस्फेटच्या बाजूने आहे. १६ सेलचा ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा पॅक सुमारे ५ युनिट वीज साठवतो, आपल्याला ३ लागतात. मात्र घेताना बीएमएस (पॅकवर लक्ष ठेवणारे आणि गरज पडल्यास तो बंद करणारे सर्किट) सलग १०० अँपिअर तरी देते का, हे विचारावे. नाहीतर चढावर ट्रॅक्टर अचानक बंद पडतो. चार्जर लिथियमचाच हवा. तो पॅक ५८.४ व्होल्टपर्यंत भरतो, म्हणून आपला मोटार कंट्रोलर तेवढा दाब सोसतो का, तेही तपासावे. उन्हाचे म्हणाल तर ४५ अंशांच्या वर चार्जिंग टाळावे. दुपारी काम करून आल्यावर लगेच प्लग लावू नये. टिनाच्या शेडऐवजी झाडाखाली किंवा ओसरीत उभा करून पहाटे चार्ज करावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. लिथियम घेतल्यावर वजन कमी झाल्याने मागची चाके घसरणार नाहीत का?

उत्तर (हिंगणघाट):
घसरू शकतात. पॅक मागच्या धुऱ्याजवळ बसवावा, आणि कमी पडल्यास चाकांना लोखंडी वजने लावावीत. ती पावसाळ्यात काढताही येतात, बॅटरी काढता येत नाही.