तळ्यात एवढाले मासे, मग कोटा एवढासा का?

बर्फातला मालवणी:
केंब्रिज बेला (नुनावुत, उत्तर कॅनडा) येऊन दोन वर्षं झाली. काल शेजारच्या इनुइट आजोबांबरोबर तळ्यावर बर्फाला भोक पाडून बसलो. माशाचं नाव ‘चार’, मिळाले तीन! सगळे तीन किलोच्या आसपास, मांस गाजरासारखं लाल. छोटा एकही नाही. तरी धंद्यासाठी पकडायला नदीवार कोटा, तोही बेताचा. आमच्या घरची रापण होती. त्या नजरेला हे तळं भरून वाहतंय असं दिसतं. काय चुकतंय माझं?

खडेवाला:
नजर बांगड्याची आहे, तेच चुकतंय. बांगडा वर्ष-दीड वर्षात अंड्यावर येतो. तुमचा तीन किलोचा चार पंधरा-वीस वर्षांचा असू शकतो. मादी दरवर्षी अंडी घालत नाही, मध्ये दोन-तीन वर्षं सहज जातात. खायला मिळतं उन्हाळ्यात, नदीतून समुद्रात उतरल्यावर, तेही दीड-दोन महिनेच. हिवाळ्यात समुद्राचं पाणी शून्याखाली जातं, तिथे ते तगत नाहीत, म्हणून झाडून सगळे तळ्यात परततात. तुम्ही भोकातून पाहिलात तो कित्येक वर्षांचा साठा एका जागी गोळा झालेला. त्यावरून दरसालची वाढ कळत नाही.

मी सहा उन्हाळे पाहणीच्या कामावर होतो, वय बघायचं काम माझ्याकडे. ढोमा साफ करताना डोक्यात पांढरे खडे लागतात ना? चारलाही असतात, पण तांदळाच्या कणीएवढे. त्यावरची वलयं मोजायची. एकाच लांबीच्या दोन माशांत आठ वर्षांचा फरक बघितलाय. म्हणून नुसती लांबी सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

१९६० च्या दशकात तुमच्याकडच्याच एकालुक नदीवर इतका उपसा झाला की मासे आकाराने घटले. नदीवार कोटे त्यानंतर आले.

गणिताचा_मास्तर:
पण तळ्यातले मासे मोजतात कसे?

खडेवाला:
समजा ४०० माशांना खुणेची पट्टी लावून सोडलं. पुढे ३०० पकडले, त्यात १२ पट्टीवाले निघाले. ४०० गुणिले ३०० भागिले १२, म्हणजे दहा हजार. कागदावर छान! पण चार दरवर्षी त्याच तळ्यात हिवाळा काढेल याची खात्री नाही. शेजारच्या नदीचे पाहुणे येतात, आपले दुसरीकडे जातात. पट्टीवाले निघून गेले की १२ चे ६ होतात आणि साठा फुकटचा दुप्पट दिसतो. म्हणून नदीत आडवा बांध घालून परतणारे मासे एकेक करून मोजलेले मला जास्त पटतात. काम कंटाळवाणं, डासही बेसुमार.

छोटे का दिसले नाहीत? मोठ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून ते उथळ दगडांत राहतात. धंद्याच्या जाळ्याचा आसही (भोकाचं माप) साडेपाच इंची, त्यातून ते निसटतात. पाहणीला आम्ही बारीक-मोठ्या आसाची जाळी जोडून लावायचो.

बर्फातला मालवणी:
आजोबाही दगडांचंच म्हणाले होते, मी लक्ष दिलं नाही. खडा बघायचा होता, पण बायकोने तिन्ही डोकी तिरफळं घालून कढीत टाकलीयेत. जेवताना शोधतो.

खडेवाला:
मेंदूच्या खाली बघा. आणि दाताखाली येऊ देऊ नका.