मदत हवी आहे: वीज गेल्यावर इन्सुलिन कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो. सासूबाईंचा मधुमेह जुना; मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांवर निभावत होतं, आता डॉक्टरांनी रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन लावलंय. इन्सुलिनचं पेन त्या स्वतःच टोचतात, मोठ्याने दहापर्यंत मोजल्याशिवाय सुई काढत नाहीत. ती काळजी नाही. काळजी विजेची. पावसात तारेवर झाड पडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत काळोख.

वापरातलं पेन ३० अंशांखाली २८ दिवस फ्रिजबाहेर चालतं. प्रश्न न उघडलेल्या पेनांचा, त्यांना २ ते ८ अंश हवेत. शेजारी म्हणतात, मासळीच्या बर्फाच्या डब्यात टाका. पण गोठलं तर ते इन्सुलिन फुकट, आणि नुसतं बघून कळेलच असं नाही. बर्फ आणि पेन यांच्यामध्ये टॉवेल घालून कुणी ठेवतं का? पाण्यात भिजवायच्या थंड पिशव्या मिळतात म्हणे, पण त्या बाष्पीभवनावर चालतात. आपल्या जुलैच्या दमट हवेत कितपत उपयोग? ज्यांनी वापरल्यात त्यांनीच सांगा.

दुसरं, हरतालिकेचा उपास त्या सोडणार नाहीत (सांगून बघितलंय, उपयोग शून्य). ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. त्या दिवशीच्या डोसचं डॉक्टरच ठरवतील. पण तुमच्या घरी त्या दिवशी साखर किती वेळा तपासता?

आणि वापरलेल्या सुया आमच्या सत्तरी तालुक्यात कुठे घेतात?