'सेल'ला मराठीत काय म्हणू? पेशी की घट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. चिखलातल्या जिवाणूंपासून वीज, असा तिच्या गटाचा प्रयोग. माहिती सगळी इंग्रजीत, फलक मराठीत हवा, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात पडलंय.

घोडं अडलंय 'सेल'पाशी. जीवशास्त्रात पेशी, विजेच्या धड्यात घट, एवढं शाळेतलं आठवतं. पण इथे जिवाणूही सेल आणि ते ज्या बरणीत भरलेत तीही सेल, तेही एकाच वाक्यात! यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर बरणीची 'इंधन पेशी' झाली आणि पुढे 'चार पेशी एकसर जोडा'. सासूबाईंनी विचारलं, "एवढ्याशा जिवाणूंना वायर लावणार कशी गं?"

सगळीकडे 'सेल'च ठेवू का? घड्याळाचा सेल आपण म्हणतोच, विदर्भात सिकलसेलही सगळ्यांना कळतो. पण नवरा म्हणतो, फलकावर मोठ्या अक्षरात 'सेल' दिसलं की लोक साड्या शोधत येतील.

परवा फलक द्यायचाय. कृपया सुचवा.

प्रतिसाद १
बरणीला 'इंधन घट'च म्हणा. दहावीच्या पुस्तकात 'सौर विद्युत घट' आहे, मुलांना घट ओळखीचा असतो. आणि जिवाणू मुळात एकपेशीय, मग 'जिवाणूंच्या पेशी' कशाला? नुसतं 'जिवाणू' लिहा, भांडणच मिटलं.

प्रतिसाद २
सहमत. हिंदी मजकुरावरून मात्र काही उचलू नका. तिकडे पेशी म्हणजे स्नायू, आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. आपल्या जुन्या विश्वकोशातही कोशिकाच आहे.
थोडं अवांतर: रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यातल्या कप्प्यांना सेल म्हटलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी खोली. म्हणून तुरुंगातली कोठडीही सेल आणि अजिंठ्याच्या विहारातली भिक्षूंची खोलीही सेल.

धागाकर्ती
दोघांचे आभार! आता वाक्य असं झालंय: "घटातले जिवाणू चिखलातले सेंद्रिय पदार्थ खातात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतअग्राला देतात." सासूबाईंनी पास केलं.

एकच राहिलं. व्होल्टच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत आणि खाली सूचना आहे, "सरासरी शेवटच्या सेलमध्ये पाहा". इथे घट लिहिला तर लोक बरणीत डोकावतील. 'चौकट' चालेल का?