'सीमा' की 'मर्यादा'? फलनाच्या संदर्भात नेमका अर्थ

प्रश्न: कॅल्क्युलसमधल्या 'लिमिट'ला कुठे 'सीमा' म्हटलेलं दिसतं, कुठे 'मर्यादा'. दोन्ही शब्दांनी डोळ्यांपुढे कुंपणच येतं. फलन (फंक्शन) तिथवर जातं, पण ओलांडत नाही; बहुधा पोहोचतही नाही. हा अर्थ बरोबर आहे का? आणि शब्द कोणता घ्यावा?

उत्तर: शब्द 'सीमा' घ्या, कुंपण सोडा. लॅटिन 'लिमेस' म्हणजेही हद्दच, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही. गणितातली सीमा ही एक संख्या असते. फ(क्ष) = क्ष·साइन(१/क्ष) पाहा. क्ष शून्याकडे जाताना सीमा ०. पण शून्याभोवतीचा कितीही छोटा पट्टा घेतला तरी त्यात हे फलन ० ही किंमत अनंत वेळा ओलांडतं, कधी वर कधी खाली. राजरोस सीमोल्लंघन, तरी सीमा तीच. 'पोहोचत नाही' हेही खरं नाही: फ(क्ष) = ५ हे स्थिर फलन पहिल्यापासून ५ वरच बसलेलं आहे आणि त्याची सीमा ५ च आहे.

'मर्यादा' नको म्हणण्याचं कारण वेगळं. ज्याच्या किमती दोन ठरावीक संख्यांच्या आत राहतात त्या फलनाला आपण 'मर्यादित' म्हणतो. साइन(१/क्ष) हे −१ ते १ मध्येच राहतं, पण शून्यापाशी त्याला लिमिट नाही. आता लिहा: 'हे फलन मर्यादित आहे, पण त्याला मर्यादा नाही.' विधान बरोबर, वाचणारा घायाळ.

त्यावर दुसऱ्या उत्तरकर्त्याची पुस्ती: सहमत. पण नामापेक्षा जास्त घोळ क्रियापद घालतं. 'जवळ जवळ जातं' ही व्याख्या फसवी आहे. क्ष शून्याकडे जाताना क्ष² + १ हे ०.५ च्याही सतत जवळ येत असतं, म्हणून सीमा ०.५ होत नाही. 'हवं तितकं जवळ' म्हणायला हवं, आणि 'हवं तितकं' कोणाला, तर समोरच्याला. तो चूक किती चालेल ते सांगतो (एप्सिलॉन), आपण क्षला किती अंतरात ठेवायचं ते सांगतो (डेल्टा). हा क्रम उलटला की व्याख्या मोडते.

उदाहरणार्थ क्ष², क्ष ३ कडे जाताना, सीमा ९. फरक = |क्ष − ३|·|क्ष + ३|. आधी क्ष ३ पासून १ च्या आत ठेवा, म्हणजे |क्ष + ३| हे ७ पेक्षा कमी राहतं. मग डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/७ यांतली लहान संख्या. समोरच्याने ०.०१ मागितलं तर डेल्टा सुमारे ०.००१४. पडताळा: ३.००१४ चा वर्ग ९.००८४. ९ पासूनचा फरक ०.०१ च्या आत, काम भागलं. विद्यार्थी |क्ष + ३| तसाच ठेवून डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + ३| लिहितात; ते चालत नाही, कारण डेल्टा क्षच्या आधी ठरायला हवा.

आणखी एक: 'कडे जाताना' यातला 'कडे' नीट ऐकावा. 'क्ष २ झाल्यावर' असं त्यात कुठेच नाही. म्हणूनच (क्ष² − ४)/(क्ष − २) मध्ये क्ष − २ छेदता येतं: क्ष इथे २ नाहीच. उरतं क्ष + २, सीमा ४; २ पाशी फलनाला किंमतच नाही, त्याने काही बिघडत नाही. ०/० आलं की 'सीमा नाही' लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. ०/० म्हणजे फक्त 'अजून ठरलं नाही'.

प्रतिप्रश्न: मग कॅल्क्युलेटरवर क्षच्या किमती घालून पाहणं पुरेसं का नाही?

उत्तर: अंदाजाला ठीक, पुराव्याला नाही. साइन(π/क्ष) मध्ये ०.१, ०.०१, ०.००१ घाला, दरवेळी ०. पण क्ष = २/४०१ घातलं की १. सीमा नाहीच, आपण निवडलेले आकडे तेवढे सोयीचे होते. क्ष शून्याकडे नेताना (साइन क्ष)/क्ष साठी ०.०१७४५ आलं, तर यंत्र अंशांवर आहे. रेडियनवर न्या, १ कडे जाईल. आणि फार लहान क्षही घातक: (१ − कोसाइन क्ष)/क्ष² ची सीमा १/२, पण संगणकाच्या नेहमीच्या सुमारे १६ अंकी गणितात क्ष = ०.०००००००१ घातलं तर उत्तर ० येतं, कारण कोसाइन तिथे थेट १ धरला जातो.

शेवटची शंका: समाकलनात (इंटिग्रेशनमध्ये) '० ते ३' या आकड्यांनाही लिमिटच म्हणतात. तिथे काय लिहावं?

उत्तर: तिथे अर्थ खरोखरच हद्दीचा आहे: बेरीज कुठून कुठवर करायची. 'खालची हद्द', 'वरची हद्द' लिहिलं तर वरच्या सगळ्या भानगडीशी गल्लत होत नाही.